मोटार मालकाची, वारसा मिस्त्रीचा

(द्वितीय वर्ष, कला)

थंडीचे दिवस आले की मुंबईत जुन्या मोटारींच्या मिरवणुकीची वार्ता येते. 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' या संस्थेच्या पुढाकाराने अशा रॅली अनेक वर्षे निघत आल्या आहेत. फोर्टातील हॉर्निमन सर्कलच्या आसपास पितळी भोंग्यांच्या, तारांच्या चाकांच्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या मोटारी रांगेने उभ्या राहतात, लहानथोर त्या पाहायला गर्दी करतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. छायाचित्राखाली मोटारीचे नाव असते, तिचे साल असते, मालकाचे नाव असते. क्वचित शेजारी उभ्या असलेल्या नटाचे किंवा नटीचेही नाव असते. एक नाव मात्र सहसा नसते. साठ-सत्तर वर्षांची ही म्हातारी ज्याच्या हातगुणामुळे आज रस्त्यावर धावते, त्या मिस्त्रीचे!

प्रस्तुत लेखाचा विषय जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कार आणि त्यांची जपणूक हा आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला, तोही भिवंडीसारख्या मागांच्या गावाजवळ राहणाऱ्याला, या विषयाशी काय देणेघेणे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच. आधी या मोटारींची थोडी ओळख करून घेऊ.

स्पोर्ट्स कार म्हणजे उघड्या टपाची, दोनच माणसांची, वजनाला हलकी आणि वळणावर चपळ अशी मोटार. ही संस्थानिकांच्या आणि लक्षाधीशांच्या दिवाणखान्यात जन्मली असावी, असा आपला समज असतो. इतिहास वेगळेच सांगतो. ऑक्सफर्ड शहरात विल्यम मॉरिस नावाच्या मुलाने पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि १८९३ मध्ये आईवडिलांच्या घरीच सायकली दुरुस्त करण्याचे दुकान थाटले. सायकलीवरून तो मोटारसायकलींकडे आणि तिथून मोटारींकडे वळला. त्याच्या गॅरेजचे नाव 'मॉरिस गॅरेजेस'. १९२२ मध्ये सेसिल किंबर हा गृहस्थ तेथे व्यवस्थापक झाला. साध्या मॉरिस मोटारी घेऊन त्यांवर तो हलके, देखणे सांगाडे चढवू लागला. 'मॉरिस गॅरेजेस' या नावाच्या आद्याक्षरांवरूनच पुढे 'एम. जी.' हे जगप्रसिद्ध नाव आले. म्हणजे ज्या मोटारीपुढे आज लोक टोपी काढतात, तिचे मूळ एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात आणि एका गॅरेजात आहे.

आपल्याकडेही असेच घडलेले नाही काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान काढले आणि त्याच माणसाने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. दुरुस्ती करणारा हात एक दिवस निर्मिती करू लागतो, याची ही दोन ठळक उदाहरणे. दुरुस्तीला आपण दुय्यम दर्जाचे काम समजतो, ते किती चुकीचे आहे हे यावरून ध्यानात यावे.

आता एक गंमतीची गोष्ट सांगतो. १९५५ मध्ये एम. जी. ने 'एमजीए' ही मोटार बाजारात आणली. १९६२ पर्यंत अशा एक लाखाहून थोड्या अधिक मोटारी निघाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. तिच्या बोटीसारख्या निमुळत्या आकाराची आजही वाहवा होते. या मोटारीच्या बॉनेटखाली सुरुवातीची चार वर्षे जे इंजिन होते, ते 'बी सीरीज' जातीचे, १४८९ घनसेंटिमीटरचे होते. हा आकडा जुन्या मेकॅनिकांना ओळखीचा वाटेल. कारण तेच १४८९ चे 'बी सीरीज' इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये होते! ॲम्बॅसडर ही मूळची इंग्लंडची 'मॉरिस ऑक्सफर्ड'. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत बनवली. एमजीएला दोन कार्बोरेटर, ॲम्बॅसडरला एक. तिची ताकद अधिक, हिची कमी. पण घराणे एकच. एक बहीण सिनेमात गेली आणि दुसरी सरकारी नोकरीत लागली, एवढाच काय तो फरक.

दुसरे उदाहरण 'ट्रायम्फ स्पिटफायर'चे. १९६२ साली निघालेली ही इंग्रजी स्पोर्ट्स कार 'ट्रायम्फ हेरल्ड' या साध्या घरगुती मोटारीची चेसिस आखूड करून तिच्यावर उभारलेली होती. आणि हेरल्ड तर १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड हेरल्ड' या नावाने बनत होती. मद्रासच्या हेरल्डची नाडी ज्याला कळली, त्याला स्पिटफायरचे दुखणे अपरिचित राहात नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारचे ज्ञान आपल्या देशात सातासमुद्रापलीकडून कुणा साहेबाने आणून दिलेले नाही. ते आपल्याच रस्त्यांवर, आपल्याच गॅरेजांत तयार झाले. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचविण्यासाठी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. हिंदुस्थान, प्रीमियर आणि स्टँडर्ड अशा मोजक्या कंपन्यांच्या मोटारी तेवढ्या बाजारात राहिल्या. संस्थानिक, गिरणीमालक, परदेशी कंपन्यांचे साहेब यांनी पूर्वी आणलेल्या एम. जी., जॅग्वार, ऑस्टिन मोटारी इथेच राहिल्या, पण त्यांचे सुटे भाग येणे दुरापास्त झाले. अशा वेळी मिस्त्रीने काय करावे? जो भाग मिळत नाही तो लेथवर घडवावा, दुसऱ्या गाडीचा भाग कानसून बसवावा, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, चोर बाजारात, ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानांत दिवस दिवस फिरावे. गरज ही शोधाची जननी म्हणतात, ते आमच्या गॅरेजांनी पुस्तक न वाचता सिद्ध केले. त्या काळात मिस्त्रीला मानही होता. १९५८ सालच्या 'चलती का नाम गाडी' या चित्रपटात गॅरेज चालविणारे तीन भाऊ नायक म्हणून लोकांनी डोक्यावर घेतले होते!

या कामात अवघड असे काय आहे, असे कुणी विचारील. जुनी मोटार पुन्हा उभी करणे म्हणजे रंग मारणे, असाच आपला समज असतो. खरे काम रंगाच्या पुष्कळ आधी असते. काही नमुने देतो.

१९४५ ते १९४९ या काळात बनलेली 'एम. जी. टीसी' घ्या. तिच्या पत्र्याखाली ॲश जातीच्या लाकडाचा सांगाडा असतो. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत आतून लाकूड कुजते व पत्रा गंजतो, बाहेरून मात्र काही दिसत नाही. मिस्त्री बोटाने ठोकून आवाजावरून कुजलेला भाग ओळखतो. मग सुताराला बोलवावे लागते. ॲश आपल्याकडे सहज मिळत नाही, तेव्हा दुसऱ्या लाकडातून नेमक्या बाकाचा तुकडा घडवावा लागतो. याच मोटारीच्या इंजिनाची आणखी एक खोड आहे. तिच्या बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे, पण डोकी मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाची! मॉरिसने ज्या कारखान्यात इंजिने काढली तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. यंत्रे फ्रेंच मापाची, पाने मात्र इंग्रज मेकॅनिकांच्या खिशात, म्हणून हा संकर झाला. हे ज्याला ठाऊक नाही तो चुकीचा बोल्ट बळेच फिरवतो आणि आटे मोडून ठेवतो.

कार्बोरेटरचे काम तर संगीतासारखेच म्हणावे लागेल. इंग्रजी स्पोर्ट्स कारना बहुधा 'एस. यू.' जातीचे दोन कार्बोरेटर असत. त्यात घंटेच्या आकाराच्या झाकणाखाली एक पिस्टन वरखाली होतो व त्याला एक निमुळती सुई लावलेली असते. हवेची ओढ वाढली की पिस्टन वर उचलला जातो, सुई जेटमधून वर सरकते आणि पेट्रोल अधिक सुटते. दोन कार्बोरेटरांचा श्वास एकसारखा नसेल तर मोटार गचके खाते. मिस्त्री एक रबरी नळी घेतो, तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतो. एकाचा सुस्कारा ऐकतो, मग दुसऱ्याचा, आणि दोन्ही आवाज जुळेपर्यंत स्क्रू किंचित किंचित फिरवतो. तंबोऱ्याच्या तारा जुळवणाऱ्याला आपण कलावंत म्हणतो. मग याला काय म्हणावे?

विजेचीही तीच तऱ्हा. जुन्या इंग्रजी मोटारींत बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्याला जोडलेला असे. आजच्या मोटारींत ऋण ध्रुव जोडतात. आजच्या सवयीने कुणी नवी बॅटरी उलटी जोडली, तर नुकसान ठरलेले. शिवाय काळ बदलतो तशी जुन्या मोटारींची दुखणीही बदलतात. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. सर्वांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला शिशाचा आधार होता. तो गेल्यावर बैठका झिजू लागल्या आणि त्या जागी कठीण धातूच्या बसवाव्या लागल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराच्या नळ्या व वायसर खराब करते. म्हणजे टाकी, पंप, नळ्या सारे पुन्हा तपासणे आले. जुनी मोटार एकदा नीट केली म्हणजे काम संपले असे नसते. तिला सांभाळणारा माणूस सतत लागतो.

तर असा हा मिस्त्री. आता कायदा त्याच्याविषयी काय म्हणतो ते पाहू. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, ज्यांत मोठे फेरबदल झालेले नाहीत अशी दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' ठरली. त्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. या मोटारी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती अशा कामांसाठीच त्या रस्त्यावर आणता येतात. नियम चांगले आहेत. त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही जाहीर झाले. धूर ओकणारी वाहने रस्त्यावरून जावीत याबद्दल दुमत नाही. मुंबईची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची उतरली. पण एक गोष्ट मनाला टोचते. मोटार 'मूळ रूपात' असावी असे नियम सांगतो. ती मूळ रूपात राखतो कोण? मोटारीला क्रमांक मिळाला, मालकाला प्रमाणपत्र मिळाले, परंतु ज्याच्या विद्येवाचून हे 'मूळ रूप' चार वर्षेही टिकणार नाही, त्याच्या विद्येची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

येथे एक आक्षेप येणार हे मी जाणून आहे. कुणी म्हणेल, "अरे, हा श्रीमंतांचा शौक! ज्या देशात अजून कित्येकांना पायी शाळेत जावे लागते, तेथे कुणाची एम. जी. चालली काय नि गंजली काय, तुला त्याचे काय?" आक्षेप खरा आहे. जुनी मोटार हा श्रीमंतांचाच शौक आहे, हे मी नाकारीत नाही. ती मोटार आपल्यापैकी कुणाला विकत घेता येईल असेही नाही. पण पैठणी तरी कुणी नेसली? पेशव्यांच्या नि सरदारांच्या घरच्या स्त्रियांनी. म्हणून पैठणीची विद्या त्यांची झाली का? ती येवल्याच्या आणि पैठणच्या विणकराची होती आणि आहे. गडकिल्ले राजांचे, पण त्यांचा दगड घडवणारा हात पाथरवटाचा. वस्तू मालकाची असते. विद्या करणाऱ्याची असते. वस्तूचे कौतुक करताना विद्येला विसरणे ही आपली जुनी सामाजिक खोड आहे, आणि हात काळे करणाऱ्याला पंगतीत मागे बसवणाऱ्या समाजाला ती शोभतेही! मोटारींच्या निमित्ताने ती खोड पुन्हा दिसते, म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आता भिवंडीचा संबंध. भिवंडी-वाडा रस्त्यावरचे आमचे शेलार हे मागांच्या आवाजात वाढलेले गाव. येथे जो साधा पावरलूम चालतो, त्याची मूळ घडण इंग्लंडातील लँकेशायरची, एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे तोही एक जुना इंग्रजी वाहनच जणू, फक्त जागच्या जागी धावणारा. माझे वडील मागांवर जॉबर आहेत. चाळीस मागांच्या गदारोळात उभे राहून, कोणत्या मागाचा धोटा नीट बसत नाही आणि कोणत्या मागाचा ठोका उशिरा पडतो, हे ते आवाजावरून सांगतात. हे ते कुठे शिकले? दुसऱ्या जॉबरच्या हाताखाली. कुठे लिहून ठेवले आहे? कुठेही नाही. मालकाने माग काढायचे ठरवले की ते किलोच्या भावाने भंगारात जातात आणि त्या जागी गोदाम उभे राहते. त्या मागांबरोबर माझ्या वडिलांचे ज्ञानही किलोच्या भावाने जाते, फक्त त्याचे पैसे कुणी देत नाही.

दोन कार्बोरेटरांचा श्वास जुळवणारा मिस्त्री आणि मागाचा ठोका ऐकणारा जॉबर हे एकाच विद्येचे दोन विद्यार्थी आहेत. फरक इतकाच की एकाच्या यंत्राची निदान रॅली तरी निघते.

माझ्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. मागावरचे काम सुखाचे नाही. तेथला आवाज कान बधिर करतो, कापसाची तूस छातीत जाते, पाळी बारा तासांची असते. गॅरेजातला पोऱ्याही काही मजेत नसतो; तो ऑइलात झोपतो आणि शिव्या खाऊन शिकतो. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांनी मला शिकायला पाठवले ते मी या आवाजातून सुटावे म्हणून. त्यांचा निर्णय योग्यच होता. तेव्हा सर्वांनी पुस्तके टाकून पाने हातात घ्यावे, असा भाबडा उपदेश मला करायचा नाही. पण काम सोडणे वेगळे आणि त्या कामातली विद्या हीन समजणे वेगळे. आपल्यासारखी पहिल्या पिढीची मुले महाविद्यालयात येतात, तेव्हा घरचे दारिद्र्य मागे टाकण्याच्या घाईत घरची विद्याही उंबऱ्याबाहेर टाकून येतात. मित्रांत वडिलांचा धंदा सांगताना आवाज खाली जातो. हे मी आपल्या वर्गात पाहिले आहे. ही लाज आपल्याला कोणी शिकवली, याचा विचार आपण करावयास हवा.

ज्या इंग्लंडात या मोटारी जन्मल्या, तेथे या विद्येची काय व्यवस्था आहे हेही पाहण्यासारखे आहे. एम. जी. चा ॲबिंग्डन येथील कारखाना १९८० मध्ये बंद पडला. 'एमजीबी' ही तिची सर्वांत खपाची स्पोर्ट्स कार. तिच्या पाच लाखांहून अधिक मोटारी निघाल्या होत्या. कारखाना गेला, पण तेथील लोकांनी साचे मोडीत काढले नाहीत. 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या १९७५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने जुने साचे शोधून काढले आणि १९८८ पासून एमजीबीचा अख्खा पत्र्याचा सांगाडा पुन्हा नव्याने बनवायला घेतला. ऑक्सफर्डजवळ बिस्टर येथे हवाई दलाचा एक जुना तळ आहे. २०१३ पासून त्याच्या इमारतींत जुन्या मोटारींची कामे करणारे कारागीर एकत्र आले आणि तेथे तरुण मुलामुलींना ही विद्या उमेदवारीच्या रीतसर अभ्यासक्रमातून शिकवली जाते. शिवाय त्या काळच्या कंपन्यांनी प्रत्येक मोटारीचे दुरुस्तीचे जाडजूड पुस्तक छापले होते. ज्याला वाचता येते त्याला निम्मी वाट त्यातच सापडते.

आणि आपण? जॅग्वार ही इंग्रजी स्पोर्ट्स कारांमधली महाराणी. २००८ मध्ये आपल्या टाटा मोटर्सने जॅग्वार व लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या विकत घेतल्या, तेव्हा सर्व देशाला अभिमान वाटला. २०१७ मध्ये याच कंपनीने कॉव्हेंट्रीजवळ आपल्या जुन्या मोटारी नव्यासारख्या करून देणारा मोठा कारखाना उघडला. म्हणजे मालकी मुंबईची आणि जुन्या मोटारी जपणारी शाळा कॉव्हेंट्रीची! मालकी विकत घेता येते. विद्या मात्र जेथे जपली तेथेच राहते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. त्यात आता इंधन इंजेक्शन, सेन्सर, संगणकाने दोष शोधणे शिकवतात, आणि ते शिकवायलाच हवे. पोट त्यावरच भरणार आहे. पण नव्या मोटारींतून कार्बोरेटर केव्हाच हद्दपार झाला आहे. ज्यांनी तो आयुष्यभर हाताळला ते मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत आणि त्यांची मुले दुसऱ्या उद्योगाला लागली आहेत. ही पिढी गेली की मोटारी राहतील, पण त्या प्रदर्शनात दोरीच्या आड उभ्या राहतील. त्यांना आवाज राहणार नाही.

नुसता तक्रारीचा सूर लावून उपयोग नाही, म्हणून तीन सूचना करतो.

पहिली सूचना रॅली भरविणाऱ्यांना. प्रत्येक मोटारीसमोर जी पाटी लावता, तीवर मालकाच्या नावाखाली मिस्त्रीचे, पत्र्याचे काम करणाऱ्याचे आणि रंगाऱ्याचे नाव लिहा. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. सुंदर मोटारीला बक्षीस देता, तसे उत्तम कारागिरीला द्या आणि ते मिस्त्रीच्या हाती द्या. चित्रपटाच्या सुरुवातीला वेशभूषा करणाऱ्याचेही नाव येते; मोटार उभी करणाऱ्याचे का येऊ नये?

दुसरी सूचना सरकारला व प्रशिक्षण संस्थांना. मुंबई, पुणे, कोल्हापूर यांसारख्या एखाद्या ठिकाणी जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचा सहा महिन्यांचा छोटा वर्ग काढावा आणि तेथे शिकवायला पदवीची अट न घालता जुन्या मिस्त्रींनाच मानधन देऊन बोलवावे. व्हिंटेज मोटारींच्या नोंदणीतून जे शुल्क जमा होते, त्यातला थोडा वाटा या कामी लावला तर कुणा मालकाची तक्रार असू नये. अखेर मोटार चालावी ही त्याचीही इच्छा असणारच.

तिसरी सूचना आपल्यालाच, म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आणि आदरणीय प्राध्यापकवर्गाला. आपण भाषेचे विद्यार्थी आहोत. गॅरेजात एक स्वतंत्र मराठी नांदते, तिकडे आपले लक्ष गेले आहे काय? मिस्त्री इंजिन 'उतरवतो', 'उघडतो' आणि 'बांधतो'. मोटार 'मिसिंग मारते', बोल्टाचे 'आटे जातात'. इंजिन बांधणे हा शब्दप्रयोग पाहा. आपण घर बांधतो, धरण बांधतो, तसेच तो इंजिन बांधतो. इंग्रजीतून आलेल्या शब्दांना मराठी क्रियापदांचे असे चपखल जोडकाम परिभाषा समित्यांनाही साधले नसते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आसपास एखादा मिस्त्री, जॉबर, टर्नर, सुतार आहेच. सुट्टीत एकेकाने एकेकाजवळ बसून त्याची विद्या त्याच्याच शब्दांत लिहून काढावी: कोणते काम कसे शिकला, कोणते हत्यार कशासाठी, बिघाड कशावरून ओळखतो. मराठी विभागाने असे लेखन गोळा करावे, अर्थशास्त्र व इतिहास विभागांनी त्याचा अभ्यास करावा. शब्दकोशाच्या दृष्टीने ते मोलाचे ठरेल आणि ज्याच्याजवळ आपण वही घेऊन बसू, त्याला आपल्या कामाची किंमत कुणीतरी केली याचे समाधान मिळेल.

मी स्वतः या सुट्टीत वडिलांपासून सुरुवात करणार आहे. मागाचा ठोका उशिरा पडतो म्हणजे नेमके काय होते, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ते त्यांच्याकडून समजून घेऊन लिहायचे आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी, आळीत किंवा नात्यात जुन्या ॲम्बॅसडरचा, हेरल्डचा अथवा एखाद्या एम. जी. चा मिस्त्री असेल, तर त्याने पुढच्या अंकासाठी त्याच्यावर जरूर लिहावे. लेख भाषेच्या दृष्टीने साधा असला तरी चालेल. त्यात मिस्त्रीचे पूर्ण नाव मात्र असावे.